कापड खरंच बोलतं, मग विणणं का सुटलं? (खेळातल्या एका कलेच्या मरणाचं कारण हवंय)

वीसकोनी_फासा (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न खेळातला आहे. पण उत्तर इथल्याच लोकांकडे असेल असं वाटतंय, म्हणून टाकतोय.

जुळे सोलापुरात आमच्या घरी दर रविवारी दुपारी पाच जण टेबलाभोवती बसून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक जण गोष्ट चालवतो (तो मी, डीएम), बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि कोणाचं काय जमलं, काय फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. जग मी स्वतः रचलेलं आहे, आठ महिने झाले.

त्यात वेणेकर नावाचे लोक आहेत. नदीकाठची गावं, घरोघर माग. त्यांची 'नामवीण' नावाची पवित्र विद्या आहे. घरात कोणी गेलं की वर्षाच्या आत त्याच्या नावाचं कापड विणायचं. विणताना सात पिढ्यांची नावं गायची, धोट्याच्या (आडवं सूत इकडून तिकडे नेतो तो) प्रत्येक फेकीला एक अक्षर. ते कापड चुलीजवळ धरून ऊब दिली की गेलेला माणूस बोलतो. एका कापडाला तीन प्रश्न. त्यानंतर ते नुसतं कापड, पांघरा खुशाल.

आमची गोष्ट सुरू होते त्या काळी नामवीण फक्त एका म्हातारीला येते. का, तर दोनशे वर्षांपूर्वी दुष्ट राजाने बंदी घातली, माग जाळले. हे मी गेल्या रविवारी सांगितलं आणि सगळ्यांनी एका सुरात "हॅट्!" केलं. आमच्यात एक वकीलीण आहे. ती म्हणाली, "राजा मरून दीडशे वर्षं झाली ना? मग पुन्हा का नाही सुरू केलं? आणि लोकांचा विश्वास उडाला असलं काही सांगू नकोस. कापड खरंच बोलतं. मेलेल्या आईशी बोलायला मिळत असताना विणणं कोण सोडेल?"

मला काही सुचेना. चहा ठेवतो म्हणून उठलो.

तर अटी अशा. राजा नको, साथ नको, महापूर नको. जादू शेवटपर्यंत चालू आहे. तरी कला संपत आली. कशी?

शेंगाचटणी

पोरं मोबाईल घेऊन बसली असतील, दुसरं काय.

(गंमत करूलालो. चांगला धागा आहे, वाचूलालो.)

जुनं_सोलापूर

बंदी काढून टाकली ते बरं केलं. बंदीने अशी गोष्ट मरत नाही, उलट ईर्षेने जगते.

आपल्याच गावचं बघा. मे १९३० मध्ये इथं मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घालून रस्त्यावर दिसणं हाच गुन्हा. पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. त्याने टोपी उतरली का? घराघरात शिरली. आज टोपीवर कसलीही बंदी नाही. आपल्या गल्लीत किती डोक्यांवर दिसते ते मोजून या.

तिकडे हवाई बेटांवर १८३० मध्ये राणी काआहुमानूने हुला नाचावर बंदी आणली होती. १८८३ मध्ये राजा कालाकाउआच्या राज्याभिषेकात तोच नाच सगळ्यांसमोर झाला. मधली पन्नासेक वर्षं कुठे तरी, कोणाच्या तरी अंगणात तो चालूच असणार ना? म्हणून म्हणतो, तुमचा राजा दुष्ट असता तर नामवीण टिकली असती.

रसायनवाल्या_बाई

मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे रंगाची गोष्ट सांगते.

युरोपात मॅडर नावाचं झुडूप शेतात लावायचे. आपल्या मंजिष्ठेचं चुलत भावंड. मुळं काढण्याजोगी व्हायला दोन-तीन वर्षं लागायची आणि त्या मुळांतून लाल रंग निघायचा, अ‍ॅलिझरिन. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनतज्ज्ञांनी तोच रेणू डांबरातल्या अँथ्रासीनपासून बनवून दाखवला. तोच, बरं का. नकली म्हणून नाकं मुरडायची सोय नाही, आणि भावही कमी. थोड्याच वर्षांत मॅडरची शेती उठली. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहारच्या निळीचे दिवस भरत आले.

तुमच्या नामविणीला कुठलं तरी एक मूळ लागतं असं करा. बाकी आपोआप होईल.

वीसकोनी_फासा

बाई, हे भारी आहे. पण मूळ संपलं म्हणजे पुन्हा बाहेरून आलेलं संकट झालं. वकीलीण सोडणार नाही.

रसायनवाल्या_बाई

मूळ संपलं असं मी कुठे म्हटलं? जमीन तीच, बी तेच. लावणारा दुसरं पीक घ्यायला लागला.

अव्वाचा_नातू

मी पूर्व भागातला, पद्मशाली. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. आपण मार्कंडेयाच्या कुळातले, भावनाऋषीने कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी पहिलं वस्त्र विणलं, ही गोष्ट लहानपणी इतक्यांदा ऐकली की शाळेत कोणी गोत्र विचारलं तर मी "कमळ" म्हणायचो. नारळी पौर्णिमेला जानवं बदलायचं, मार्कंडेयाचा रथ बघायला जायचं. म्हणजे तुमच्या वेणेकरांसारखंच आमचंही काम देवापासून आलेलं. तरी सुटलं. आमच्या घरात कसं सुटलं ते सांगतो, हवं ते उचला.

आजोबांचा खड्डा-माग होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पावड्या पायाने दाबायच्या, धोटा हाताने. लुगडी विणायचे. लोकांना वाटतं विणकर म्हणजे मागावर बसलेला तो एक माणूस. फोटोही त्याचाच निघतो. पण माग एकट्याने कधीच चालला नाही हो. अव्वा (आजी) रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. आत्या लडी उकलून द्यायची. ताण्याला (मागावरच्या उभ्या सुताला) खळ लावायची असली की पहाटे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणायचे आणि शेजारची चार घरं मदतीला यायची. ऊन चढायच्या आत आटपायचं. आज आमचा ताणा, उद्या त्यांचा. पैशाचा विषय नाही.

आता काय काय झालं बघा, आणि यातलं एक तरी वाईट आहे का ते सांगा. गल्ली डांबरी झाली. लुना आल्या, रिक्षा आल्या, टेम्पो आले. ताणा पसरला की हॉर्न वाजायला लागले, मग पसरायचा बंद झाला. अव्वा आणि आत्या विडीकडे वळल्या. हजार विड्यांचा दर ठरलेला, आठवड्याला पैसा, तोही बाईच्या स्वतःच्या हातात. कांड्या भरल्याचे तिला कोणी कधी पैसे दिले होते? ते घरचंच काम! आजोबा कांड्यांसाठी खोळंबायला लागले. मग रात्री स्वतःच भरायचे. चार दिवसांचं लुगडं आठ दिवसांवर गेलं. यंत्रमाग तोवर आलेच होते. वडील एका शेडमध्ये रात्रपाळीला लागले.

सहावीत असताना एकदा दुपारी आजोबा झोपलेले बघून मी मागावर जाऊन बसलो. पाय पावडीला पुरत होते याचाच आनंद. आजोबा उठून आले, दंडाला धरून मला वर काढलं. मारलं नाही. "इक्कड कूर्चोवद्दू" म्हणाले, इथं बसायचं नाही. त्यांचे गुडघे तेव्हाच गेले होते, पावसाळ्यात खड्ड्यात ओल यायची. मी आज बँकेत आहे आणि माझे गुडघे शाबूत आहेत.

आमच्या घरातली कला कोणी बंद केली विचाराल तर मला आजोबांचंच नाव घ्यावं लागेल. तिच्यावर सगळ्यात जास्त जीवही त्यांचाच.

शेंगाचटणी

राव. सकाळी सकाळी.

तर्कट

नातूभाऊंचं वाचून गप्प बसावंसं वाटलं, पण एक गोष्ट सुटतेय. त्यांच्या आजोबांचं लुगडं बोलत नव्हतं. त्याला दुसरं होतं, यंत्रावरचं. आईच्या आवाजाला दुसरं काय? त्यासाठी माणूस गुडघे देईल, रानही विकेल. कांड्या भरणारीला पैसे मिळत नव्हते तर मिळायला लागतील. भाव वाढेल, विणकर गब्बर होतील. कला महाग होईल, संपायची नाही.

वीसकोनी_फासा

हाच वकिलिणीचा मुद्दा. इथंच मी अडकलोय.

चौथी_सून

तर्कट, तुम्ही एकुलते एक आहात का हो?

मेलेला माणूस बोलतो हे सगळ्यांनी वरदान धरलंय. माझ्या सासऱ्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. देवमाणूस. पण त्यांना तीन प्रश्न विचारायची सोय असती तर पहिला प्रश्न मोठ्या दिरांनी होटगी रोडच्या प्लॉटचा विचारला असता, दुसरा जाऊबाईंनी सासूबाईंच्या पाटल्यांचा. तिसऱ्यावरून भांडण. आणि एकदा उत्तर आलं की संपलं. कोणाची टाप आहे पुढे बोलायची? खुद्द आप्पा बोलले! जिवंत म्हाताऱ्याला निदान दुसऱ्या दिवशी समजावता येतं, "आप्पा, काल तुम्ही रागात होतात." मेलेल्याला कसं समजावणार, प्रश्न संपले की.

अशा घरात पुढचं कापड कोण होऊ देईल? ज्याच्या विरुद्ध निकाल गेला तो तर रहाटच मोडून ठेवेल. गावात अशी दहा घरं फुटली की अकराव्या घरातला म्हातारा मरताना सांगून जाईल, माझं कापड विणू नका.

दुसरं. सात पिढ्यांची नावं गायची म्हणता, त्यात बायका किती? आपल्या श्राद्धात निदान आई, आजी, पणजी यांची नावं घेतात. तुम्ही यादी दिलेली नाही, पण माझी पैज आहे, सातही बापे. आणि रहाटावर कोण? जिचं नाव कापडात कधी यायचंच नाही, तिने जन्मभर दुसऱ्यांच्या नावांच्या कांड्या भरायच्या. तिला बाहेर हजारी दर मिळाला की ती चालली. तिच्या लेखी ते कापड कधी बोललंच नव्हतं.

वीसकोनी_फासा

यादी काढून बघितली. सातही बापे. आठ महिने जग रचतोय आणि हे डोक्यात आलं नाही. कान पकडतो, ताई.

पत्तेवाला

चादरीच्या धंद्यात बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जकार्डाचं सांगतो. तर्कटांना आवाजाला दुसरं काय असा प्रश्न पडलाय, त्याचं उत्तर यात आहे.

१८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये जकार नावाच्या माणसाने ही युक्ती पक्की केली. पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि ताण्यातला तेवढाच दोरा उचलला जातो. पत्त्यांची माळ फिरत राहते, नक्षी उमटत राहते. म्हणजे नक्षी विणकराच्या डोक्यातून निघून पत्त्यांत गेली. आमच्याकडे चादरीवर मोर विणणाऱ्याला कागदावर मोर काढायला सांगा, कोंबडी होईल. त्याला यायची गरजच नाही.

तर तुमच्या खेळात कोणी तरी नावांचे पत्ते पाडले असं समजा. गायला नको, पाठ करायला नको. कापड दिसायला तेच. आणि इथं नीट लक्ष द्या, ते थोडंसं बोलतंही. तीन प्रश्न नाहीत, एकच. आवाज जरा घोगरा. पण पंधरा दिवसांत हातात मिळतं. अस्सल नामविणीला वर्ष लागतं, पत्त्यांवर पंधरा दिवस. ज्याची आई परवा गेली तो वर्षभर थांबेल का? त्याला घोगरा आवाज चालतो. त्याच्या मुलाने अस्सल आवाज ऐकलेलाच नसतो, त्याला आजी घोगरीच वाटते.

एक कडू गोष्टही सांगून टाकतो. सोलापुरी चादर म्हणून जिला भौगोलिक मानांकन मिळालं, जिच्यासाठी आपण पानिपतच्या स्वस्त नकलेवर ओरडतो, ती यंत्रमागावरची. नातूभाऊंच्या आजोबांना ज्या यंत्राने मागे सारलं तेच आज आपला वारसा. आणि तोही आता सुटत चाललाय, माझ्याच शेडमध्ये गेली काही वर्षं चादर बंद करून टॉवेल काढतोय. तुमचे वेणेकर बहुधा पत्त्यांच्या कापडालाच पूर्वजांची विद्या म्हणत असतील आणि ते बंद पडतंय म्हणून हळहळत असतील. म्हातारीच्या घरात काय आहे ते कोणाला ओळखूही यायचं नाही.

वीसकोनी_फासा

पत्तेवाले, हे मी सरळ चोरणार आहे. सांगून चोरतोय.

तर्कट

हरलो. "त्याला आजी घोगरीच वाटते" इथं हरलो.

बाराबंदी

सगळे मरणाचंच बोलताय, मी न मेलेल्याचं बोलतो.

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वज. उंचच्या उंच काठी, सजवलेली, तोल सांभाळत पेलायची आणि ६८ लिंगांना जायचं. एक दमला की दुसऱ्याने घ्यायची. अंगात पांढरी बाराबंदी. यात्रेच्या कितीतरी दिवस आधीपासून सराव चालतो. टीव्ही आला, केबल आली, मोबाईल आला, काठी काही खाली आली नाही. आमच्या गल्लीतला पोरगा, जो पाण्याची घागर उचलायला सांगितली तर कंबर दुखते म्हणतो, तो सरावाला वेळेवर हजर असतो.

का? काठीचा हिशेबाने उपयोग काय म्हणाल तर काही नाही. ती बोलत नाही, प्लॉटचा निकाल देत नाही. म्हणून तिला दुसरं काही काढताही येत नाही. पत्ते पाडून नंदीध्वज निघेल का? आणि पेलताना सगळं गाव रस्त्यावर उभं असतं. आई बघते, मित्र बघतात, अजून कोणी कोणी बघतं.

तुमची नामवीण दाराआड चालते, सुतकात चालते, एकट्याने चालते. आणि वर ती उपयोगाची आहे. कापड बोलतं हीच तिची पंचाईत झाली, लोकांना बोलणं हवं होतं, विणणं नको होतं. बोलणं दुसरीकडे मिळालं, संपला विषय. वेणेकरांनी वर्षातून एकदा नदीवर सगळ्या गावाने मिळून नुसतंच, न बोलणारं कापड विणायचं ठेवलं असतं ना, तर पोरं आजही रांगा लावून आली असती.

जुनं_सोलापूर

बाराबंदी, पटलं. फक्त एक. काठी पेलणाऱ्याचं पोट काठीवर नाही. विणकराचं पोट मागावर होतं. हा फरक लहान नाही.

बाराबंदी

मान्य.

वीसकोनी_फासा

काल खेळलो. तुमच्यातलं बरंच काही घातलं.

पत्त्यांचं कापड घातलं, एक प्रश्न, घोगरा आवाज. रस्ता घातला, जादूगारांच्या गाड्यांसाठी रुंद केलेला, त्यामुळे ताणा पसरायला जागा नाही. विडीच्या जागी मंत्रभुकटीच्या पुड्या बांधायचं काम ठेवलं, हजार पुड्यांचा दर. आणि चौथ्या सुनेच्या सासऱ्यांची क्षमा मागून, वाटणीची भांडणं. वेणेकरांच्या पंचांनी शेवटी ठराव केला की कापडाची साक्ष धरायची नाही. वकीलीण एकदम खूश. "साक्षीदाराची उलटतपासणीच होत नसेल तर साक्ष कसली" म्हणाली आणि दुसरी भाकरी मागितली. तिच्या तोंडून हे ऐकायला मी आठ महिने थांबलो होतो असं वाटलं.

मग सगळे म्हातारीकडे पोचले. माग नीट झाकून ठेवलेला. रहाट मात्र घरात नाही. वकिलिणीचं पात्र पायाशी बसलं, मला शिकवा म्हणून गळ घातली, फासा टाकला. वीस! घरात एवढा आरडाओरडा झाला की खालचे काका वर आले. म्हातारी म्हणाली, "विणायला शिकवते की. दोन वर्षांत येईल. कांड्या कोण भरणार?"

कोणीच काही बोललं नाही. खालचे काकाही उभेच राहिले.

शेंगाचटणी

वीस पडूनही अडवलं? ही डीएमची दादागिरी आहे बे.

वीसकोनी_फासा

पाचव्या आवृत्तीच्या नियमात विसावर आपोआप यश फक्त हल्ल्याच्या फाशाला असतं. आणि अडवलं कुठे? म्हातारी शिकवायला तयार झाली, तेच यश.

आता पुढच्या रविवारी त्यांनी ठरवलंय की पेठेत पुड्या बांधणाऱ्या बायकांकडे जायचं आणि कांड्या भरायला या म्हणून विनवायचं. नातूभाऊ, एक बाई दिवसाला किती कांड्या भरते? हिशेब मांडायचाय, अंदाजे आकडा द्या.

अव्वाचा_नातू

अव्वाला विचारावं लागेल. फोनवर ऐकू येत नाही तिला. शनिवारी जाऊन येतो.

अव्वाचा_नातू

विचारलं. म्हणाली, आकडा काय सांगू, सूत कसं आहे त्यावर. मग म्हणाली, कोणाला पाहिजे? म्हटलं, एक खेळ आहे, त्यात काही लोक पुड्या बांधणाऱ्या बायकांना कांड्या भरायला बोलवायला निघालेत.

ती म्हणाली, "हजारी किती देतायत ते विचारलंस का?"